हार्डटेल: २७.५ ठेवावी की २९ घ्यावी? की आहे त्याच फ्रेमला चाकं बदलावीत?

मावळवाट
सध्या २७.५ इंची चाकांची अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे, पुढे १०० मिमीचा कॉइल (स्प्रिंगचा) फोर्क, टायर २.१ इंच, ट्यूबवाले. उंची १६३ सेमी, वजन ६२ किलो. आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या टेकड्या आणि रविवारी मावळातल्या गाडीवाटा: मुरूम, सुटी खडी, मध्येच बसाल्टचे टोकदार दगड, वर बाभळीचे काटे. खडी लागली की पुढचं चाक भरकटतं, मागच्याला दर दोन राइडला पंक्चर. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात २९ घे. प्रश्न तीन: (१) याच फ्रेमला २९ ची चाकं बसतील का? (२) नाहीतर फक्त पुढे २९? (३) की नवी सायकलच घ्यावी?

सह्यआरा
आधी आकडे बघा, म्हणजे २६, २७.५, २९ या नावांचा गोंधळ संपेल. रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास २६ ला ५५९ मिमी, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२, म्हणजे रोड सायकलच्या ७०० सी इतकाच. २.३ चा टायर चढवल्यावर बाहेरचा व्यास २७.५ ला साधारण ७०० मिमी, २९ ला ७३८. अक्षापासून टायरच्या टोकापर्यंत १९ मिमीचा फरक. तुमच्या फ्रेममध्ये मागच्या टायरपुढे, चेनस्टेच्या (पायडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या नळ्यांच्या) पुलापाशी १९ मिमी सोडून वर आणखी किमान ६ मिमी मोकळं राहतंय का ते पट्टीने मोजा. राहणार नाही. पावसात काळी माती टायरला चिकटते तेव्हा हे ६ मिमीही कमी पडतात. चाक जाम होतं आणि चिखल-खडी फ्रेमचा रंग खरवडून काढते. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

फक्त पुढे २९ करायचं तर चाकाबरोबर फोर्कही बदलावा लागतो, आणि २९ चा फोर्क तेवढ्याच ट्रॅव्हलला (दबण्याच्या अंतराला) १५ ते २० मिमी उंच असतो. चाकाचे १९ धरून पुढची बाजू जवळपास ३८ मिमी वर जाते. ११०० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन्ही अक्षांमधल्या अंतरावर) हेड अँगल आणि सीट अँगल (फोर्कच्या आणि सीटच्या नळीचा कल) दोन्ही सुमारे २ अंशांनी मागे कलतात, बॉटम ब्रॅकेट (पायडलचा अक्ष) १५ मिमी वर येतं. उतारावर बरं वाटेल. पण चढावर बूड मागच्या चाकाच्या जास्त वर जातं, पुढचं चाक उचललं जाऊ लागतं, आणि खडीवर भरकटण्याची तुमची जी मूळ तक्रार आहे ती चढावर वाढते. ज्या फ्रेमची भूमिती त्यासाठी आखलेली नाही तिच्यावर हा प्रयोग करू नका.

खडीवाला_२९
वरचं सगळं बरोबर, पण तिसऱ्या प्रश्नाला माझं मत स्पष्ट २९. मावळातल्या गाडीवाटांवर मैलभर सलग दगड असतात. मोठं चाक दोन दगडांमधल्या खाचेत कमी उतरतं, वेग टिकतो, पायडल मारत राहता येतं. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसल्यामुळे हा फायदा फुल-सस्पेन्शनपेक्षाही जास्त जाणवतो.

मात्र गिअर विसरू नका. चाक ५ टक्के मोठं म्हणजे प्रत्येक गिअर ५ टक्के जड. २७.५ वर ३२ दात्यांची चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) जमत असेल तर २९ वर ३० घ्या, नाहीतर घाटात गुडघे बोलतील.

फ्रेमफिट
१६३ सेमीला २९ चालते, पण मापात बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रेकच्या मार्लिनसारख्या मॉडेलमध्ये लहान मापांना २७.५ आणि मध्यमपासून पुढे २९ दिली गेली, ती उगाच नाही. लहान फ्रेममध्ये २९ कोंबली की हँडल वर जातं, आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं.

दुकानात तीन गोष्टी करा. बूट घालून टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या नळीच्या) दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकून उभं राहा, नळीच्या वर ५ सेमी तरी अंतर हवं. पायडल आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवा, बूट टायरला घासता कामा नये. सीट खाली करून, कुणाला तरी सायकल धरायला सांगून बूड सीटच्या मागे न्या. टायर पॅंटला लागत असेल तर तीव्र उतारावर तो लागणारच. नवी घेताना सीट ट्यूबचा आतला व्यास ३०.९ किंवा ३१.६ मिमी असलेली बघा, ड्रॉपर सीटपोस्टला (चालवताना खाली-वर होणाऱ्या सीटच्या दांड्याला) पर्याय भरपूर मिळतात. २७.२ मध्ये निवड फार कमी.

सह्यआरा
@खडीवाला_२९, फायदा आहे, पण किती ते मोजू. ८ सेमी उंच दगडाला २७.५ चं चाक साधारण ३९.५ अंशांत भिडतं, २९ चं ३८.५ अंशांत. फरक एका अंशाचा. सलग दगडांवर तो साठत जातो हे मान्य. पण टायर २.१ वरून २.३५ केला आणि हवा ८ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) उतरवली की खडीवरची पकड त्याहून कितीतरी जास्त बदलते. हार्डटेलचं मागचं सस्पेन्शन म्हणजे टायर, दुसरं काही नाही. मावळवाट यांना पंक्चर आणि भरकटणं या दोन तक्रारी आहेत, आणि दोन्हींची मुळं हवेत आणि रिममध्ये आहेत.

मावळवाट, रिमची आतली रुंदी, मागचा हब (चाकाचा मधला भाग) आणि सध्याची हवा किती ते सांगा. मागे कॅसेट (हबवर सरकवून बसवलेले दाते) आहे की फ्रीव्हील (हबवर आट्यांनी घट्ट केलेला दात्यांचा संच) हे ओळखायला दाते उलटे फिरवा: मधली खाचांची रिंग दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

मावळवाट
आतली रुंदी १९ मिमी. मागचा हब १३५ मिमी रुंद, क्विक रिलीज, ३२ तारा, ७ स्पीड, रिंग जागेवर राहते म्हणजे फ्रीव्हील. हवा ४० पीएसआय, दोन्हीकडे.

सह्यआरा
६२ किलोला ४० फार जास्त. टायर दगडावर दबत नाही, उसळतो, म्हणूनच पुढचं चाक भरकटतंय. आजच पुढे २६, मागे २९ करून बघा. ट्यूब असताना याच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर रिम आणि दगडात ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन समांतर भोकं पडतात. पंक्चर झालं की ट्यूब नीट बघा: एक भोक म्हणजे काटा, दोन म्हणजे हवा कमी.

फ्रीव्हीलचा हब हे या सायकलचं खरं कमकुवत अंग. उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, फ्रेमच्या टोकापासून लांब असतात. दगडावर आपटून एक्सल (अक्ष) वाकतो, मग चाकाची कितीही आऊट (वाकडेपणा) काढली तरी दाते डुलत राहतात. पैसे घालायचे तर इथे घाला: २७.५ ची ट्यूबलेस (ट्यूबशिवाय टायर चालणारी) रिम, आतली रुंदी २५ ते ३०, ३२ तारा, १३५ चा फ्रीहब (कॅसेट बसणारा हब). त्यावर ७ स्पीड कॅसेट ४.५ मिमीचा स्पेसर टाकून बसते, शिफ्टर तोच चालतो. डिस्क रोटर (ब्रेकची चकती) सहा बोल्टचा की सेंटरलॉक ते हब घेण्याआधी जुळवा. पहिल्या १००-१५० किमीनंतर तारांचा ताण पुन्हा तपासून घ्या.

टेपवाला
बाभळीच्या काट्यांवर ट्यूबलेसशिवाय उपाय नाही, म्हणून पद्धत लिहितो.

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी जास्त रुंद. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेलाचा अंश राहिला तर टेप सुटतेच. ताणून दोन वेढे, शेवट वॉल्वच्या भोकापलीकडे १० सेमी. भोक तापवलेल्या सुईने पाडा, ब्लेडने चीर पुढे फाटत जाते. मग ट्यूब टाकून रात्रभर हवा भरून ठेवा, टेप नीट बसते. सकाळी एकाच बाजूचा बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) सोडून ट्यूब काढा, ट्यूबलेस वॉल्व लावा.

बीड बसवायला वॉल्वचा गाभा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा. हातपंपाने नाही झालं तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर जा, प्रेस्टाचा (सायकलच्या बारीक वॉल्वचा) अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा. पण गेजवर नजर हवी. रिमवर आणि टायरवर छापलेल्या मर्यादांपैकी कमी असेल ती पाळा, रुंद रिमला ती अनेकदा ४० च्या आसपासच असते. दोन्ही कडा 'टक' करून बसल्या की हवा सोडून गाभ्याच्या भोकातून सीलंट (भोक बुजवणारा द्रव): २७.५ × २.३५ ला ९० ते १०० मिली, २९ ला १०० ते १२०. हवा भरा, चाक हलवा, दोन्ही बाजूंवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा आणि लगेच २-३ किमी चालवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट दीड-दोन महिन्यांत सुकतं. चाक हलवून आतला आवाज ऐका, खळखळ नसेल तर पुन्हा भरा.

तुमच्या वजनाला पुढे १९, मागे २२ ने सुरुवात. वळणावर टायर कडेला लोळल्यासारखा वाटला तर १ पीएसआय वाढवा. मागची रिम दगडाला 'खट्' वाजली तर फक्त मागे २ वाढवा, पुढचं तसंच राहू द्या. आणि १९ मिमीच्या जुन्या रिमवर २.३५ टायर इतक्या कमी हवेत चालवू नका, वळणावर बीड सुटतो.