घरी कंडेन्सर लावून लाईट बिल कमी होतं का? माझं मत: नाही

न्यूट्रल_नाना
सॉकेटात खोचायचे ते 'वीज वाचवा' डबे परत दिसायला लागलेत म्हणून धागा काढतोय. एक उघडून बघितला. आत ५ मायक्रोफॅरड क्षमतेचा कंडेन्सर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग), एक हिरवी एलईडी, तिचा रेझिस्टर, आणि डबा जड लागावा म्हणून डांबरासारखा काळा लगदा. बस. २३० व्होल्टला एवढा कंडेन्सर साधारण ८३ व्हार (खर्च न होता नुसती ये-जा करणारी वीज मोजायचं एकक) देतो, ते मान्य, पण घरचं मीटर मोजतं किलोवॉट-तास, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खरोखर खर्च होणारा हिस्सा) ०.६ असो नाहीतर १, युनिट तेवढेच पडणार. घरात यासाठी कंडेन्सर म्हणजे पैसे पाण्यात.

केव्हीए_काका
नाना, एवढं सरसकट नको. मी स्वतः क्लॅम्प मीटर लावून बघितलंय. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना १.१ अँपिअर, आणि त्याच बोर्डावर १० मायक्रोफॅरड जोडला की ०.७ च्या खाली. करंट इतका उतरला आणि वीज तेवढीच जाते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

न्यूट्रल_नाना
करंट उतरला, वॉट नाही उतरले. मोटरला चुंबकत्व उभं करायला जी ऊर्जा लागते ती मोटर घेते आणि परत देते, सेकंदाला शंभरदा. आधी ही देवघेव सप्लायशी चालायची, आता शेजारच्या कंडेन्सरशी चालते, एवढंच. मीटर निव्वळ गेलेली वीजच मोजतं. खात्री करायचीय तर घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरच्या लाल दिव्याच्या दोन लुकलुकींमधला वेळ घ्या, कंडेन्सरसकट आणि कंडेन्सरशिवाय. फरक दिसला तर मी धागा मागे घेतो.

पंखेवाला
आमचा पंखा पार मरगळला होता, २.५ चा नवा कंडेन्सर टाकला आणि भन्नाट फिरायला लागला, मग फायदा नाही कसं म्हणता??

वायरमनची_लेक
दादा, तो कंडेन्सर वेगळ्या कामाचा. तो पंख्याच्या दुसऱ्या वाइंडिंगच्या सिरीजमध्ये असतो, त्यानेच फिरायला जोर मिळतो. बिलाशी त्याचा संबंध नाही, उलट आता पंखा जोरात फिरतोय म्हणजे वॉट जास्तच खात असेल :)

केव्हीए_काका
बरं, मीटरचं सोडा. वायर तापते त्याचं काय? ते नुकसान मीटरच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच खिशातून. लांबवर पंप असेल तर?

वायरमनची_लेक
काकांचा हा मुद्दा खरा आहे, म्हणून हिशोबच मांडते. १ एचपीचा पंप, ६.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८, मीटरपासून ६० मीटर २.५ स्क्वेअर मिमीची कॉपर वायर. जाऊन येऊन रेझिस्टन्स ०.९ ओहमच्या आसपास, म्हणजे वायरीत ३८ वॉट जातात. पंपाला ३० मायक्रोफॅरड लावून पॉवर फॅक्टर ०.९५ केला तर करंट ५.५ आणि वायरीत २७ वॉट. वाचले ११. रोज तासभर पंप चालवला तर वर्षाला ४ युनिट! आणि तेही कंडेन्सर पंपापाशी लावला तर, मीटरजवळ लावलात तर पुढच्या वायरीत करंट तेवढाच राहतो, एवढंही हाती लागत नाही. आणि तो पंपाच्या स्विचच्या पुढेच जोडा, नाहीतर पंप बंद झाला तरी तो एकटा लाईनवर करंट खेचत बसतो.

केव्हीए_काका
४ युनिट?? बरं, बिलाचा मुद्दा सोडला. पण जनरेटरवर घर चालवणाऱ्याला केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारात) मोकळे होतात, आणि मोठ्या ग्राहकांसारखं केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास, म्हणजे ये-जा करणारी वीजही धरून) बिल असेल तर फायदा थेट आहे. त्यावर मी ठाम.

न्यूट्रल_नाना
केव्हीएएचचं कबूल, तिथे हिशोबच बदलतो. फक्त घरात आता एलईडी, टीव्ही, चार्जर यांचाच भरणा, त्यांचा पॉवर फॅक्टर बिघडतो तो करंटची लाट वेडीवाकडी असते म्हणून. तिथे कंडेन्सरचा उपयोग नाही, हार्मोनिकने (त्या वेड्यावाकड्या लाटेतल्या जलद लहरींनी) तोच जास्त तापतो.

पंखेवाला
मी तो डबा आधीच घेतलाय. काढून टाकू का?

वायरमनची_लेक
काढा, पण काढल्या काढल्या पिनांना हात लावू नका. स्वस्तातल्या डब्यांत डिस्चार्जचा रेझिस्टर नसला तर कंडेन्सर भरलेलाच राहतो. बाबांनी एकदा असाच उपसून खिशात टाकला होता, पुढचं सांगत नाही.