मदत हवी आहे: नव्या लेखकांच्या अंकात लांब ओळींची कविता कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून नवे ललित लेख, कविता आणि कथा यांचा पहिला अंक काढतोय. निवड झाली, मुद्रितशोधनही होत आलंय. अडलंय ते एका दीर्घकवितेपाशी.

अंक ८० पानांचा, म्हणजे १६ पानी पाच फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं). या कवितेच्या ओळी पानाच्या रुंदीत मावत नाहीत. शेवटचा शब्द खाली घसरतो आणि नवी ओळ सुरू झाल्यासारखं वाटतं. काल ‘परत’ हा शब्द असा एकटाच खाली पडला आणि त्या कडव्याचा अर्थच बदलला! टाइप लहान केला तर वाचताना डोळे दुखतात. घसरलेला भाग आत सरकवून लावावा, की कविता आडव्या पानावर छापावी? कवयित्रीला विचारल्याशिवाय एकही ओळ मोडायची नाही हे पक्कं आहे, पण तिच्यासमोर ठेवायला चांगले पर्याय हवेत.

दुसरं, मानधन. अमेरिकन संपादक हॅरिएट मन्रो यांनी १९१२ साली शिकागोत ‘पोएट्री’ हे कवितेचं मासिक सुरू केलं, तेव्हा शंभरेक लोकांकडून पाच वर्षं दरवर्षी ५० डॉलरची हमी आधीच मिळवली होती, आणि कवींना पैसे दिले. नवा लेखक आहे म्हणून फुकट छापणं आम्हालाही पटत नाही. अशी आगाऊ वर्गणी कुणी जमवली आहे का? लोकांकडे नेमकं काय आणि कसं मागितलंत?

हक्क लेखकाकडेच राहतील, आम्ही फक्त पहिल्या प्रकाशनाची परवानगी घेतोय. त्या पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर तोही पाठवा, प्लीज.