फॅमिली लिंक लावल्यावरही उरणाऱ्या वाटा

फॅमिली लिंकवर, म्हणजे मुलांच्या फोन-टॅबचा वेळ ठरवायच्या गूगलच्या अ‍ॅपवर, रोजचा एक तास ठरवूनही मुलगा तीन-तीन तास स्क्रीन बघतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी हे तपासा: ती मर्यादा प्रत्येक उपकरणाला वेगळी मोजली जाते. फोनवर एक तास आणि टॅबवर एक तास दिला, तर त्याच्या हातात दोन तास येतात. टीव्हीची सोय तर वेगळीच करावी लागते. शिवाय यूट्यूबच्या अ‍ॅपला मर्यादा घातली तरी क्रोममध्ये साइट उघडते. तिथेही ती ब्लॉक करा.

आमच्याकडे खरी वाट निघाली आजीच्या फोनची. लेक ९ वर्षांची. टॅब आठला बंद झाला की आजीच्या कुशीत शिरायची, आणि पांघरुणाखालून उजेड दिसायचा. आजीच्या फोनचा पिन तिला पाठ होता! सासूबाईंवर चिडून उपयोग नव्हता, त्यांना नात जवळ हवी असते. शांतपणे बोलले, तेव्हा त्यांनीच पिन बदलला आणि रात्री फोन बाहेर चार्जिंगला ठेवायचं ठरवलं. माझाही तिथेच असतो, नाहीतर लेक ऐकणार कशी? पहिले चार-पाच दिवस फार रडारड झाली. आता दोघी झोपण्याआधी पत्ते खेळतात. आणि हो, पिन मुलांसमोर टाकू नका, नुसती बोटं बघून त्यांना कळतो.