हायड्रोजनमध्येच करिअर करायचं, की आधी एखादं जुनं काम पक्कं शिकून मग तिकडे वळायचं?

कॉम्प्रेसर_रूम

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, तिघंही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, की फक्त हायड्रोजनवरचा मास्टर्स करू का. तिघांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो. माझं उत्तर आहे, नका करू.

'हायड्रोजन एक्स्पर्ट' असं पद मी तरी प्लांटवर पाहिलेलं नाही. तिथे प्रेशर व्हेसल डिझाइन करणारा असतो, वेल्ड तपासणारा असतो, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) सांभाळणारा असतो, पाणी शुद्ध करणारा असतो, प्रोसेस सेफ्टीवाला असतो. यातलं एक काम आधी अंगात मुरू द्या, हायड्रोजन नंतर दोन वर्षांत शिकता येतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल बॉशचंच बघा. फ्रिट्झ हाबरचा नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवायचा प्रयोग टेबलावर जमला होता, तो कारखान्यात उतरवायची जबाबदारी बॉशवर आली आणि पोलादाच्या नळ्या काही दिवसांत फुटायला लागल्या, कारण तेवढ्या दाबाला आणि उष्णतेला हायड्रोजन पोलादातला कार्बनच खाऊन टाकत होता. बॉश रसायनशास्त्राआधी धातुशास्त्र शिकलेला माणूस. त्याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, ताकदीचं काम बाहेरच्या पोलादी कवचाकडे दिलं आणि त्या कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात न मुरता निघून जाईल. १९१३ ला जर्मनीतल्या ओपाउचा कारखाना चालू झाला. हायड्रोजनचा प्रश्न सोडवला तो धातू कळणाऱ्याने.

दुसरं कारण पोटापाण्याचं. हे क्षेत्र भरती-ओहोटीचं आहे. २००३ ला अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजनसाठी १२० कोटी डॉलर जाहीर केले, २००९ ला ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी गाड्यांच्या फ्युएल सेलचा (हायड्रोजनपासून वीज बनवणारा सेल) निधी कापायचा प्रस्ताव आणला. अलीकडचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन खाणकंपनी फोर्टेस्क्यूने २०३० पर्यंत वर्षाला दीड कोटी टन ग्रीन (म्हणजे अक्षय ऊर्जेच्या विजेवर बनवलेल्या) हायड्रोजनचं लक्ष्य बाजूला ठेवलं आणि त्याच सुमारास ७०० जणांची कपात जाहीर केली. अशा वेळी कॉम्प्रेसर कळणाऱ्याला दुसरीकडे काम मिळतं. ज्याला फक्त हायड्रोजन येतो त्याने कुठे जायचं?

सेलस्टॅक

मुद्दे नीट मांडलेत, पण मी पूर्ण असहमत आहे.

सगळ्यांनी तुमचा सल्ला मानला असता तर फ्युएल सेल चंद्रापर्यंत गेलाच नसता. ब्रिटनमधला फ्रान्सिस बेकन १९३२ ला या कामाला लागला, नोकरीत असताना, बाजूला प्रयोग करत. पुढे नोकरी सोडली, युद्ध आलं, पैसे देणारे बदलत गेले, आणि १९५९ ला त्याने ५ किलोवॅटचा संच चालवून दाखवला. सत्तावीस वर्षं! अपोलो यानांमधले फ्युएल सेल त्याच्याच कामावर उभे होते. लाटा बघून काम निवडणाऱ्याच्या हातून हे होत नाही.

आणि 'दोन वर्षांत शिकता येतो' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं, मनापासून सांगतो. नैसर्गिक वायूवर वीस वर्षं काढलेली माणसं मी इकडे येताना पाहिलीयेत, हुशार माणसं, पण हात जुन्याच सवयीने चालतात. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला तर पेटतो, हायड्रोजन ४ ते ७५. त्याला पेटायला ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, म्हणजे अंगावरच्या कपड्यांची स्थिर वीजसुद्धा. ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही, म्हणून नासाची माणसं एकेकाळी गवताचा झाडू पुढे धरून चालायची, झाडू पेटला की समजायचं तिथे आग आहे. घरगुती गॅसमध्ये वास घालतात तसा यात घालावा म्हटलं तर त्यातलं गंधक फ्युएल सेलचा कॅटलिस्ट (आतली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) खराब करतं.

माझ्या रोजच्या कामातलं एक सांगतो. इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करणारं यंत्र. त्यातल्या दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या मेंब्रेनमधून (पातळ पडद्यातून) थोडा हायड्रोजन सतत ऑक्सिजनच्या बाजूला जात असतो. पूर्ण लोडवर ऑक्सिजन भरपूर तयार होतो, त्यात तो विरून जातो, काही वाटत नाही. पण ढग आले, सोलरची वीज पडली, लोड २० टक्क्यांवर आला की ऑक्सिजन कमी होतो आणि गळणारा हायड्रोजन जवळपास तेवढाच राहतो, मग त्याचं प्रमाण चढायला लागतं. १.२, १.४, १.७... २ टक्क्यांना सिस्टीम ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. नव्या माणसाला वाटतं लोड कमी म्हणजे धोका कमी, इथे बरोब्बर उलटं. ही जाण यायला त्या स्क्रीनसमोर वर्षं घालवावी लागतात.

दुपारची_पाळी

दोघांचं वाचलं. दोघंही डिग्रीवाल्यांबद्दलच बोलताय. मी डिप्लोमावाला टेक्निशियन आहे आणि हायड्रोजन भरायच्या स्टेशनांवर काम करतो, तर थोडं आमच्या बाजूने.

जून २०१९ ला नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविकाला हायड्रोजन स्टेशनवर स्फोट झाला, धक्का एवढा की शेजारून जाणाऱ्या गाडीच्या एअरबॅग उघडल्या. तपासात काय निघालं? उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगमधले आतले बोल्ट हवे तेवढ्या टॉर्कने आवळलेले नव्हते. मेंब्रेन नाही, कॅटलिस्ट नाही, जोडणीतली चूक. बोल्ट आवळणाऱ्याला कुठली परिषद एक्स्पर्ट म्हणून बोलावत नाही पण सगळ्यांचा जीव त्याच्या पान्यावर असतो.

आम्ही गळती कशी शोधतो ते सांगतो. फ्लँजभोवती (दोन पाइप बोल्टने जोडतात तो जोड) चिकटपट्टी गुंडाळायची, तिला टाचणीएवढं भोक पाडायचं, थोडा वेळ थांबायचं आणि डिटेक्टरची नळी त्या भोकाला लावायची. उघड्यावर वारा असतो, नुसता डिटेक्टर फिरवला तर आकडा शून्यच दाखवतो आणि माणूस सही करून मोकळा होतो. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, त्याने एका जोडावर तीनदा शून्य लिहिलं. चौथ्यांदा मी पट्टी लावायला लावली तर आकडा चढला. त्यानंतर त्याला परत सांगावं लागलं नाही. हे शिकवणारा माणूस प्रत्येक साइटवर हवा आणि त्याला पगारही तसा हवा, करिअरच्या गप्पांमध्ये हे कुणी धरतच नाही.

कॉम्प्रेसर_रूम

@दुपारची_पाळी, शंभर टक्के मान्य, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं, राहून गेलं माझ्याकडून.

@सेलस्टॅक, बेकनचं उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्याच बाजूचं आहे हो. बेकन मुळात मेकॅनिकल इंजिनीअर, स्टीम टर्बाइनच्या कंपनीतला. दाब, तापमान, सील हे सगळं तो तिथून घेऊन आला आणि त्याचा सेल उच्च दाबावर चालणारा होता. आधी पाया, मग ध्यास.

लांबचा_पल्ला

मी लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितेच.

मी ती 'फक्त हायड्रोजन' केलेली व्यक्ती आहे. पीएचडी फ्युएल सेलवर, मग सहा वर्षं एका कंपनीत गाड्यांच्या फ्युएल सेलवर. एके दिवशी मीटिंगला बोलावलं आणि प्रकल्प बंद झाल्याचं सांगितलं, वीस मिनिटांत सगळं संपलं. आठ महिने घरी होते. मुलाखतीत विचारायचे, हे सोडून आणखी काय येतं? मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. येत होतं, पण ते वेगळं करून सांगायची सवयच नव्हती. शेवटी कॅटलिस्टचा पातळ थर एकसारखा पसरवायचं जे काम मी वर्षानुवर्षं केलं होतं त्यावर बॅटरीच्या इलेक्ट्रोड कोटिंगमध्ये नोकरी लागली. आज बरं चाललंय.

पण म्हणून मी कॉम्प्रेसर_रूम यांच्या बाजूने नाही. माझी चूक हायड्रोजन निवडणं ही नव्हती, हायड्रोजन *कशासाठी* हे कधी विचारलं नाही ही होती. हिशोब माझ्या डोळ्यांसमोर होता. एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, त्या किलोत ऊर्जा उरते ३३ युनिट, ती फ्युएल सेलमधून परत वीज करताना निम्मी जाते. हातात सोळा-सतरा. वर गाडीच्या टाकीसाठी ७०० बारला (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबायचा खर्च वेगळा. बॅटरीच्या गाडीला यातलं बरंचसं नुकसान होतच नाही. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण माझा पगार त्यावर होता. एक्स्पर्ट म्हणवणाऱ्याने हे बोललं पाहिजे, आपल्याच क्षेत्राविरुद्ध असलं तरी.

उलट खत, रिफायनरी, मिथेनॉल इथे हायड्रोजनला पर्याय नाही, आणि कोळशाशिवाय लोखंड करायचं तर तिथेही तोच मुख्य मार्ग आहे. २०२३ मध्ये जगाने सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला, जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनलेला, त्यातून ९० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड गेला. कमी उत्सर्जनाचा हायड्रोजन एक टक्कासुद्धा नाही. म्हणजे गिऱ्हाईक आजच उभं आहे, माल बदलायचाय. आयुष्यभराचं काम आहे हे.

प्रयोगवही

लांबचा_पल्ला, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी शिकवतो, हा हिशोब वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर घेतो आणि प्रत्येक वर्षी दोनचार चेहरे उतरतात, पण उतरू देत.

एक भर घालतो. स्वच्छ ऊर्जा म्हणजे फक्त हायड्रोजन नाही. २०२३ मध्ये जगभर अक्षय ऊर्जेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते, त्यातले ७० लाखांहून जास्त एकट्या सोलरमध्ये. आणि सगळे इंजिनीअरही नसतात. गॅस बॅटरी म्हणजे पहिला फ्युएल सेल बनवणारा विल्यम ग्रोव्ह पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे फातिह बिरोल अर्थतज्ज्ञ, आधी ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत होते. तेलाकडून आलेल्या माणसाला नावं ठेवणारे असतात, मला ते पटत नाही, तेल आतून कळलेला माणूस इकडे हवाच.

मास्टर्सबद्दल म्हणाल तर मी सेलस्टॅकच्या जवळ आहे. कोर्स चांगला असेल, लॅबमध्ये स्टॅक (एकावर एक रचलेले सेल) उघडून जोडायला मिळत असेल तर करावा. नुसते स्लाइड्स असतील तर नको.

सेलस्टॅक

बेकनचं मान्य, पाया होता. पण टर्बाइनमधल्या बाकीच्यांकडेही तोच पाया होता आणि त्यांच्यातल्या कुणी हे केलं नाही.

कॉम्प्रेसर_रूम, एकच विनंती. 'दोन वर्षांत शिकता येतो' तेवढं मागे घ्या, ती तीन मुलं हे वाचणारेत.

कॉम्प्रेसर_रूम

मागे घेतलं. पाच म्हणतो, आणि त्यातलं पहिलं वर्ष दुपारची_पाळी यांच्यासारख्या कुणाच्या तरी हाताखाली. मास्टर्सला मात्र अजून नाहीच.