नाना फडणवीसांची थट्टा कुठवर करावी?

बखरबहाद्दर यांचा प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला वीस मिनिटे नाना फडणवीसांवर बोलायचे आहे. त्या मंचावर गेल्या तीन वर्षांत थोर पुरुषांविषयी जी भाषणे मी ऐकली, ती सर्व इतकी हारतुऱ्यांनी मढवलेली होती की चरित्रनायकाला कधी भूक लागली असेल, भीती वाटली असेल किंवा त्याचा एखादा डाव फसला असेल, अशी शंकाही श्रोत्यांच्या मनात येऊ नये. मला नानांकडे जरा तिरकस नजरेने पाहायचे आहे. 'साडेतीन शहाण्यां'तले अर्धे, पानिपतावरून पळून आलेले, नऊ लग्ने केलेले, आणि ज्यांच्या पुण्यात घाशीरामासारखा कोतवाल माजला, असे नाना मी उभे करू पाहतो आहे. यात खोडसाळपणा होतो का, आणि होत असल्यास नेमका कोठे होतो, हे जाणकारांनी सांगावे.

मोडीवाचक

नानांची थट्टा करायची असेल, तर पहिला मान नानांनाच द्यावा लागेल. त्यांनी पानिपतानंतरच्या काळापर्यंतचे एक छोटे आत्मचरित्र लिहून ठेवले आहे आणि त्यात तारुण्यातल्या विषयवासनेची कबुली ज्या सरळपणे दिली आहे, तितका सरळपणा त्यांच्या नंतरच्या कोणत्याही स्तुतिपाठकाला पेलला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी ते पुरते एकोणीस वर्षांचेही नव्हते. हाती कलमदान, बरोबर तीर्थयात्रेच्या ओढीने आलेली आई आणि पुढ्यात अब्दालीची फौज, अशी त्यांची अवस्था होती. अंगावरचे कपडे टाकून आणि गवतात लपत ते कसे निसटले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे ज्यांना हैदराबादेपासून मुंबईपर्यंतच्या खलबतांची बातमी पुण्यात बसल्याजागी मिळत असे, त्यांना त्या रात्री आपली आई कोठे आहे, हेही ठाऊक नव्हते. ती पुन्हा भेटली नाही. तेव्हा 'पळून आलेले' म्हणण्यास हरकत नाही, परंतु ते वाक्य त्यांच्याच तोंडी घालावे, म्हणजे श्रोते हसतील आणि मग थोडे गप्पही होतील.

'अर्धे' या शब्दाचा अर्थ मात्र सांगून टाका. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, कारण त्यांना मसलतीबरोबर तलवारही येत होती, असे म्हणतात. नानांना ती येत नव्हती, म्हणून ते अर्धे. यातले विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले आणि सखारामबापू कैदेत वारले. त्या कैदेत नानांचा हात होता, हे तुम्ही जरूर सांगा. पूर्ण शहाण्यांची ही गत पाहता अर्धे असण्यात काही फायदा असावा.

शनिवारपेठी

मला या सगळ्याचा थोडा रागच आला, हे प्रथम कबूल करतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा गादीवर हक्क सांगणारा चुलताच संशयित होता आणि खरा वारस अजून जन्मालाही आला नव्हता. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ मधला. त्या तान्ह्या पोराच्या नावाने बारभाईंनी राज्य चालवले, इंग्रजांना १७७९ मध्ये वडगावला नमवले आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहापर्यंत आणून सोडले. वडगावात महादजी शिंद्यांचा वाटा मोठा, हे मान्य. तरी पुण्यातली बाजू ज्याने सांभाळली, त्याला 'अर्धा' म्हणून हसणे मला सोपे वाटत नाही.

दुसरी गोष्ट घाशीरामाची. तो कोतवाल खरा, कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले हे खरे, आणि १७९१ मध्ये चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले हेही खरे. परंतु त्याने आपली मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवली, ही गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात १९७२ च्या तेंडुलकरांच्या नाटकातून आली आहे आणि आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे लेखकानेच सांगितले होते. नाटकाला ती मुभा आहे. तुम्ही व्याख्यान देणार आहात.

सांडणीस्वार

नऊ लग्नांवरचा विनोद मीही एकदा एका समारंभात केला होता. टाळ्या पडल्या. घरी येऊन पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की १८०० साली नाना वारले, त्या वेळी त्यांची धाकटी पत्नी जिऊबाई अवघी नऊ वर्षांची होती. ज्या मुलीचे बालपण त्या हिशेबात गेले, तिच्या जिवावर माझ्या टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर मी तो विनोद केला नाही.

त्याऐवजी ३१ डिसेंबर १७९७ चा दिवस घ्या. जन्मभर दुसऱ्यांच्या हेरांना हेर लावणारा हा माणूस दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीला गेला तो शिंद्यांचा नोकर असलेल्या मिकेल फिलोज नावाच्या इटालियन अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून, आणि तिथून थेट अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी म्हणून पोहोचला. कागदावरच्या प्रत्येक अक्षराचा संशय घेणाऱ्या नानांना एका परक्या शिपायाची जबान पुरेशी वाटली. यापेक्षा तिरकस प्रसंग मला तरी सुचत नाही, आणि यात हसे होते ते नानांचे स्वतःचेच, दुसऱ्या कोणाचे नाही.

शनिवारपेठी

या प्रसंगाला माझी हरकत नाही. मात्र पुढच्याच वर्षी ते सुटून पुन्हा कारभारावर आले, हेही त्याच दमात सांगावे.

बखरबहाद्दर

सर्वांचा आभारी आहे. नऊ लग्ने आणि कोतवालाची मुलगी हे दोन्ही कागद मी फाडून टाकले. सुरुवात गवतात लपलेल्या मुलापासून करीन, मध्ये सखारामबापूंची कैद घेईन आणि शेवट फिलोजच्या शब्दावर. शनिवारपेठींच्या समाधानासाठी सालबाईला तीन मिनिटे राखून ठेवली आहेत. अध्यक्षांची प्रस्तावना लांबली, तर त्यातली दोन जातील.