पाणी, दळण की गुऱ्हाळ? मालिका बघणाऱ्यांचे शब्द

ठाण्याहून, प्रश्न विचारणारी:
परवा जेवताना घरात वाद झाला. रात्री साडेआठची मालिका चालू होती. नायिकेला सगळं खरं कळायला एक दार उघडायचं होतं, आणि ते दार सोमवारपासून गुरुवारपर्यंत उघडतच होतं. मी म्हटलं, "किती पाणी घालतायत!" सासूबाई ताटावरची मान वर न करता म्हणाल्या, "पाणी नव्हे गं, दळण आहे हे. पाणी घातलं तर आमटी वाढते तरी. इथे दळलेलं पीठच परत जात्यात."

मी आजवर पाणी घालणं, दळण दळणं, गुऱ्हाळ, चऱ्हाट, लांबण लावणं हे सगळं एकाच अर्थानं वापरत होते. सासूबाईंचं बरोबर असेल तर मग फरक नेमका काय? आणि तुमच्याकडे कुठला शब्द चालतो?

पुण्याहून:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी निम्मी चर्चा एका वाक्यात संपवली आहे.

पाणी घालणं हा स्वयंपाकघरातला नाइलाज आहे. चार माणसांची आमटी केली आणि ऐनवेळी सात जण पानावर बसले, की गृहिणी दुसरं काय करणार? डाळ तेवढीच, आमटी जास्त. त्यामुळे मुळात गोष्ट आहे पण ती चार दिवस पुरवायची आहे, तिथे पाणी हाच शब्द. एकाच धक्क्यावर सासू, नणंद, दीर, मोलकरीण अशा सगळ्यांचे चेहरे पाळीपाळीने, प्रत्येकी तीनदा आणि ढणढण संगीतासह दाखवतात, ते पाणी.

दळण म्हणजे तेच तेच. गैरसमज, रडारड, माफी, पुन्हा गैरसमज. यात लांबीची तक्रार नाहीच. मालिका पन्नास भागांत संपली तरी दळण असू शकतं, आणि वर्षानुवर्षं चालली तरी एखादी नसेल. (‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून अकरा वर्षं चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. तिला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्या घरी तिच्यावर एक अवाक्षर खपत नसे.)

लांबण हा त्या मानाने सौम्य शब्द. "लांबण लावू नकोस" असं आपण फोनवर बोलणाऱ्या बहिणीलाही म्हणतो.

कोल्हापूरकडून:
गुऱ्हाळाला एवढं स्वस्त करू नका राव. वर्तमानपत्रवाल्यांनी ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ लिहून लिहून शब्दाची वाट लावली आहे. गुऱ्हाळ कधी बघितलंय का? घाण्यातून रस येतो, काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं जळतात, मळी वर येते ती काढून टाकतात, आणि गुळव्या डोळ्यात तेल घालून उभा असतो. काही तासांत रस आटतो आणि गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तयार होतो. म्हणजे पाण्याच्या बरोबर उलट! पाणी घालून वाढतं, गुऱ्हाळात आटतं.

हा शब्द निरर्थक बडबडीला का लागला असेल? मला वाटतं, घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या फेऱ्यांमुळे. लांबून बघणाऱ्याला बैल तेवढा दिसला, गूळ दिसला नाही. त्यामुळे ज्या मालिकेतून शेवटी काहीतरी हाताला लागतं तिलाच गुऱ्हाळ म्हणा. बाकीच्यांना चऱ्हाट. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, वळत बसलं की वाढत जातो, आणि शेवटी बांधायला म्हैस नसली तरी चालतं.

पुण्याहून:
मान्य. ‘पाणी’च्या विरुद्ध ‘गुऱ्हाळ’ हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

एक जण:
मारुतीचं शेपूट राहिलं की.

आणखी एक जण:
मारुतीचं शेपूट फक्त संपत नाही एवढ्यापुरतं. आणि त्या शेपटाने लंका जाळली होती हो! मालिकेच्या शेपटाने जाळलेली एकच गोष्ट मला माहीत आहे, आमच्या आईची गॅसवरची भाजी.

मुंबईहून, पडद्यामागे काम केलेला:
काही वर्षं सेटवर होतो म्हणून सांगतो. आमच्यात कुणी ‘पाणी घाला’ म्हणत नाही, तो प्रेक्षकांचा शब्द. आम्ही ‘ट्रॅक लांबवला’ म्हणतो. ट्रॅक म्हणजे मालिकेतलं त्या वेळी चालू असलेलं कथानक: लग्नाचा ट्रॅक, अपघाताचा ट्रॅक, जुळ्या बहिणीचा ट्रॅक.

आणि दुसरा शब्द ‘बँक’. बँक म्हणजे चित्रित होऊन तयार असलेले, अजून न दाखवलेले भाग. रोजची मालिका आठवड्यातून सहा दिवस गेली तर महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग लागतात. बँकेत चार-पाच भाग असले की सगळे सुखात. बँक संपली, मुख्य नटी आजारी पडली, की त्या दिवशी जे कलाकार हजर असतील त्यांच्यावरच भाग काढायचा. तुम्हाला दिसतं की घरातली मंडळी दिवाणखान्यात बसून, जी बाहेर गेली आहे तिच्याबद्दल वीस मिनिटं बोलतायत. ते पाणी लेखकाने हौसेने घातलेलं नसतं.

त्यात दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ट्रॅक चालला तर लांबवा, पडला तर गुंडाळा. दूरदर्शनच्या काळात तेरा भाग मंजूर व्हायचे, आठवड्याला एक दाखवला जायचा आणि शेवट आधी लिहिलेला असायचा. तेव्हा पाण्याचा प्रश्नच नव्हता. मला तर वाटतं मालिकेच्या संदर्भात हा शब्दप्रयोग रोजच्या मालिका आल्यावरच रुळला.

‘गावाला पाठवणे’ हाही आमचाच खास प्रयोग. कलाकार सोडून गेला आणि पात्र मारायचं नसलं की ते गावाला जातं. कुणाकुणाचे मामा दोन-दोन वर्षं गावाला आहेत.

कुडाळकडून:
नमनाला घडाभर तेल कुणी कसं म्हटलं नाही? खेळ उभा राहण्याआधी देवदेवतांचं नमन, आणि तेवढ्यात दिवट्यांचं तेल संपलं तर खेळ काळोखात बघायचा. आजच्या मालिकेत नमन म्हणजे ‘मागील भागात’, मग शीर्षकगीत, मग जाहिराती. अर्ध्या तासात गोष्टीच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटं. हे ना पाणी, ना दळण, हे तेल!

आमच्याकडच्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी बोली घराघरात नेली. पांडूचं ‘इसरलंय’ तर पुण्या-नाशकातली पोरंही म्हणायला लागली. फक्त ती ते गंमत म्हणून म्हणतात आणि आम्ही खरोखर विसरलो की म्हणतो, एवढाच काय तो फरक.

न्यू जर्सीहून:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आम्ही शनिवारी आठवड्याचे सगळे भाग एकदम बघतो. तोवर भारतातल्या बहिणींनी ‘तो मेलेला नाही, बघ तू’ वगैरे कळवलेलं असतं. त्यातला कुठला अंदाज आणि कुठली बातमी तेच समजत नाही. ‘स्पॉयलर’ला कुणीतरी ‘रसभंग’ सुचवला होता. चांगला आहे, पण तो परिणाम झाला, कृती नव्हे. बोलताना आपण काय म्हणतो?

पुण्याहून:
फोडणे! पेपर फुटतो, बातमी फुटते, तसा शेवट फोडतात. रहस्यनाटक बघून आलेल्या माणसाला "शेवट फोडू नकोस हं" हे आपण कधीपासून म्हणत आलोय. ‘स्पॉयलर देऊ नका’पेक्षा ‘फोडू नका’ आखूड आहे आणि दमही भरतो.

आता अंदाज. इथे मराठी भलतीच श्रीमंत आहे आणि प्रत्येक शब्दाचं क्रियापद ठरलेलं आहे. अटकळ बांधतात, तर्क लढवतात, आडाखे बांधतात, भाकीत वर्तवतात. कयास अरबीतून आला, अंदाज फारसीतून. होरा ज्योतिषातला, आणि ज्योतिषात तो ग्रीकांकडून आला. पण वजन वेगवेगळं. हाताशी फारसं काही नसताना मनाने जोडलेली ती अटकळ. "मला वाटतं ती त्याची सख्खी आई नाहीच" ही अटकळ. प्रोमोत तिच्या हातात जुना फोटो दिसला, त्यावरून काढला तो तर्क. आणि "या वाहिनीवर दिवाळीच्या आठवड्यात कुणी मरत नाही, त्यामुळे तो वाचणार" हा आडाखा. म्हणजे पूर्वीच्या अनुभवावरून बसवलेलं गणित. ठोकताळाही त्याच्याच घरातला.

होरा मात्र मुरलेल्या माणसाचा. माझ्या आत्याचा होरा आजवर चुकलेला नाही. पहिल्या भागात कुणी जरा जास्त गोड बोललं की ती जाहीर करते, "हा खलनायक."

कुडाळकडून:
यात ‘रात्रीस’चं उदाहरण चपखल बसतं. २०१६ साली पहिलं पर्व आलं तेव्हा नाईकांच्या वाड्यातल्या प्रत्येकावर लोकांचा संशय. ती सगळी अटकळ. २०१९ ला दुसरं आलं ते आधीच्या काळातलं. घरातले कर्ते अण्णा मरणार हे पहिल्या पर्वापासूनच सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक! फोडायला काही उरलंच नव्हतं. तरी लोक रोज बसत होते, कारण ‘जाणार का’ची जागा ‘कसा’ने घेतली. तिथे तर्क सुरू झाले.

नाशिकहून:
मी उलटं विचारतो. मालिकांनी मराठीला काय दिलं? ‘महाएपिसोड’ आणि ‘महासंगम’ सोडून.

माझं मत, विशेषनामांची सामान्यनामं दिली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’नंतर ऑफिसात लग्न झालेल्याच्या प्रेयसीला "त्याची शनाया" म्हटलं की कुणाला अर्थ विचारावा लागत नव्हता. पूर्वी आपण नारदमुनी, शकुनीमामा, कुंभकर्ण असे पुराणातून माणसं आणत होतो, आता वाहिनीवरून आणतो. टिकतील किती हा भाग वेगळा. कुंभकर्ण अजून झोपलेला आहे, शनायाचं नाव माझ्या पुतणीला आजच सांगावं लागलं.

ठाण्याहून, प्रश्न विचारणारी:
‘काहीही हं श्री’ कसं विसरलात! ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१६ मध्ये संपली, पण आमच्याकडे अजून कुणी थाप मारली की हेच उत्तर मिळतं, मारणाऱ्याचं नाव प्रकाश असलं तरी. ‘काहीही’ म्हणजे कोणतीही वस्तू, हा शब्दकोशातला अर्थ. ‘काय वाटेल ते बरळतोस’ हा बोलण्यातला. तो मालिकेआधीही होता, पण त्यावर लाडिक ‘हं’ बसला आणि तक्रारीची धारच गेली. आता नुसतं ‘काहीही!’ म्हटलं तर भांडण, आणि ‘काहीही हं’ म्हटलं तर कौतुक.

साताऱ्याहून:
नावांचं निघालंच आहे तर ‘लागिरं झालं जी’. शहरातल्या बऱ्याच जणांना लागिरं म्हणजे प्रेमच वाटतं. आमच्याकडे लागीर म्हणजे बाहेरची बाधा. झाड धरतं, भूत धरतं, ते लागीर. प्रेमात पडलेल्याला गावात तेच म्हणतात, कारण लक्षणं तीच: जेवण नाही, झोप नाही, एकटाच बडबडतो. नाव ज्याने कुणी ठेवलं त्याने एका शब्दात दोन्ही पकडलं.

आणि ‘आई कुठे काय करते’मधला ‘कुठे’ बघा. माझी अमराठी जाऊ त्याचा अर्थ ‘आई कोणत्या ठिकाणी काय करते’ असा लावून बसली होती. तिला वाटलं हेरगिरीची गोष्ट आहे! हा ‘कुठे’ स्थळाचा नाहीच, नकाराचा. "मी कुठे नाही म्हणतोय", "त्याला कुठे कळतंय". त्यातल्या आईची, अरुंधतीची, सगळी कहाणी त्या एका ‘कुठे’त आहे. घरच्यांना ती काही करत असल्याचं दिसतच नाही.

मुंबईहून, पडद्यामागे काम केलेला:
एक शब्द मात्र आपल्याकडे नाही: लीप. गोष्ट एकदम पाच-सात वर्षं पुढे जाते, मुलं शाळेत जायला लागतात, नायिका चष्मा लावते, सासूचा केस एकही पांढरा होत नाही. सेटवर ‘लीप घेतला’ म्हणायचे. काही जण ‘घेतली’ म्हणायचे, बहुधा उडीच्या लिंगावरून. ‘कालझेप’ कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं. ते अंतराळयानाला ठीक आहे.

ठाण्याहून, प्रश्न विचारणारी:
हे सासूबाईंना विचारलं. आमच्या साडेआठच्या मालिकेत नेमका कालच लीप आलाय. दार उघडलं, आणि पलीकडे काय होतं ते न दाखवताच पाटी आली: ‘सहा वर्षांनंतर’.

म्हणाल्या, "मधली वर्षं गाळली."

पुण्याहून:
वा! धड्यातली पानं गाळतात तशी. ‘मालिकेने सहा वर्षं गाळली’ लिहून बघा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय लिंगाचा वादही मिटला.

कोल्हापूरकडून:
म्हणजे आधी चार महिने पाणी घालायचं आणि मग गाळायचं. मळी तेवढी प्रेक्षकांना.

ठाण्याहून, प्रश्न विचारणारी:
पण दाराच्या पलीकडे कोण होतं? सासूबाई म्हणतात, मोठी जाऊ. मी म्हणते तो गावाला गेलेला मामा. अटकळ आहे, तर्क नाही. ज्यांनी कालचा भाग नीट बघितलाय त्यांनी सांगा, पण पुढचं काही माहीत असेल तर फोडू नका.