बर्फामुळे शाळा बंद, पण अभ्यास घरी: हा दिवस भरून निघतो का?

प्रश्न : हिमकणिका

आम्ही जुलैमध्ये कोथरूडहून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहायला आलो. मुलगी सातवीत आहे आणि मुलगा तिसरीत. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला शाळेचा संदेश आला की कडाक्याच्या थंडीमुळे बस धावणार नाहीत, मात्र आज सुट्टी नसून ‘ई-लर्निंग डे’, म्हणजे घरूनच ऑनलाइन अभ्यासाचा दिवस आहे. पावसामुळे शाळा बंद झाली की निवांत लोळायचे, एवढेच आम्हाला पुण्यात माहीत होते, त्यामुळे हा प्रकार समजायलाच अर्धी सकाळ गेली. मुलीने आपले काम अकरापर्यंत आटोपले. मुलाच्या टॅबचे चार्जिंग संपलेले, गणिताची वही शाळेतल्या कप्प्यात राहिलेली आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगा एकामागून एक. दुपारी दोन वाजले तरी त्याची तीन कामे शिल्लक होती आणि आम्ही दोघेही रडकुंडीला आलो होतो.

अशा दिवसाची खरोखरच शाळेचा दिवस म्हणून गणना होते, की जूनमध्ये, शाळेचे वर्ष संपताना, तो पुन्हा भरून द्यावा लागतो? तिसरीतल्या मुलाजवळ आईवडिलांनी किती वेळ बसणे अपेक्षित असते? आणखी एक शंका म्हणजे, शाळा नुसती दोन तास उशिरा भरते त्या दिवशी थंडी पाहून त्याला घरीच ठेवले तर चालेल का?

उत्तर : जुना_मिनेसोटाकर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मिनेसोटात २०१७ साली झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) वर्षातून जास्तीत जास्त ५ दिवस असे घोषित करता येतात आणि ते अध्यापनाच्या वेळेत धरले जातात, म्हणून त्यांच्या बदल्यात जूनमध्ये शाळा वाढत नाही. पाच दिवस संपल्यावर पुन्हा वादळ आले, तर ती साधी बर्फाची सुट्टी ठरते. ती भरून काढावी लागेल की नाही, हे तुमच्या डिस्ट्रिक्टच्या वेळापत्रकात किती तास हाताशी आहेत यावर ठरते. राज्याची किमान अट पहिली ते सहावीसाठी ९३५ तासांची आणि सातवी ते बारावीसाठी १०२० तासांची आहे. बऱ्याच शाळांचे वेळापत्रक त्याहून थोडे जास्त असते, त्यामुळे एखाददुसरा दिवस तिथेच जिरतो.

याच कायद्यातील दोन तरतुदी बहुतेक पालकांना ठाऊक नसतात. शाळेच्या नेहमीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी पालकांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणूनच तो पहाटेचा संदेश. दुसरी तरतूद अधिक उपयोगाची आहे: शिक्षक शाळेच्या वेळात ऑनलाइन आणि फोनवर, अशा दोन्ही मार्गांनी उपलब्ध असले पाहिजेत. दुपारी दोनपर्यंत झुंजत बसण्याऐवजी तुम्ही दहा वाजताच फोन करू शकला असता, आणि त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. ज्यांच्या घरी इंटरनेट किंवा टॅब नाही, त्यांच्यासाठी काय सोय केली आहे हेही डिस्ट्रिक्टला आपल्या आराखड्यात लिहावे लागते.

थंडीबद्दल म्हणाल, तर ३० जानेवारी २०१९ रोजी येथे पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे ३३ सेल्सियसपर्यंत उतरला होता. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी, म्हणजे विंड चिल, उणे ३५ फॅरनहाइटच्या आसपास गेली की उघड्या त्वचेला दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. बसथांब्यावर पंधरा मिनिटे उभ्या राहणाऱ्या लेकरांसाठी शाळा बंद ठेवतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचा राग येत नाही.

उत्तर : वर्गातली_मावशी

मी येथील एका प्राथमिक शाळेत मदतनीस शिक्षिका आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर अधिकाराने लिहिते. तिसरीतल्या मुलाने सहा तास पडद्यासमोर बसावे, अशी आमची मुळीच अपेक्षा नसते. आमच्या वर्गात दिले जाणारे काम दीड-दोन तासांचे असते आणि त्यातही निवडीला वाव असतो. सकाळची हजेरीची नोंद मात्र विसरू नका, कारण काम चोख करूनही ती राहून गेली तर मूल गैरहजर लागू शकते.

ताई, तुम्ही त्याच्याशेजारी बसून शिकवायला लागू नका. सुरुवातीची दहा मिनिटे काय करायचे ते त्याच्याकडूनच वाचून घ्या, मग आपल्या कामाला लागा आणि तासाभराने एकदा डोकवा. जे जमले नाही ते रिकामे सोडून ‘येथे अडलो’ असे लिहून पाठवले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात नेमके काय शिकवायचे ते आम्हाला कळते. पालकांनी रात्री जागून पूर्ण केलेली सुबक पाने पाहून आम्हाला काहीही कळत नाही. (अक्षर लगेच ओळखू येते, हेही सांगून ठेवते.)

वही नसेल तर घरातले गणित चालते. आमच्याकडच्या एका मुलाने कुकरचे भांडे उंबऱ्याबाहेर हात काढून बर्फाने काठोकाठ भरले, पट्टीने उंची मोजली आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा मोजली. तळाशी जेमतेम बोटभर पाणी उरले होते. दहा इंच बर्फाचे साधारण एक इंच पाणी होते आणि कडक थंडीतल्या भुसभुशीत बर्फाचे त्याहूनही कमी, ही गोष्ट त्याने दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला समजावून सांगितली. अपूर्णांकांचा तो धडा मला निराळा शिकवावा लागला नाही.

उत्तर : बॉस्टनची_काकू

प्रत्येक राज्याची रीत वेगळी असते, हे नवीन आलेल्यांनी ध्यानात ठेवावे. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा वर्षाचे १८५ दिवस आखतात आणि १८० दिवस भरवावेच लागतात. काही शाळा बर्फाच्या दिवसांसाठी ‘ब्लिझर्ड बॅग’ म्हणून घरी कामाचा गठ्ठा देत असत. सर्व मुलांना समान संधी मिळत नाही या चिंतेतून राज्याच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये ती पद्धत थांबवण्याचे जाहीर केले. तेव्हापासून आमची मुले जूनच्या उकाड्यात वर्गात बसून ते दिवस भरतात. मला विचाराल तर तुमच्याकडची व्यवस्था बरी.

तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मी ठाम आहे. अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांनी आमच्याच राज्यातील शाळांचा अभ्यास करून २०१४ मध्ये असे मांडले की सगळी शाळा बंद राहिल्याने परीक्षेतील गुणांवर फारसा परिणाम दिसत नाही. शाळा चालू असताना मूल एकटे गैरहजर राहिले, तर मात्र दिसतो. कारण सरळ आहे. सगळेच मागे पडले तर शिक्षक धडा पुढे ढकलतात, पण एकट्या मुलासाठी वर्ग थांबत नाही. म्हणून दोन तास उशिरा का होईना, शाळा भरणार असेल आणि त्याच्या अंगावर पुरेसे कपडे असतील, तर त्याला अवश्य पाठवा. शक्य असल्यास थांब्यावर गाडीतच बसवून ठेवा.

हिमकणिका

सर्वांचे मनापासून आभार. हजेरीची नोंद आम्ही केलीच नव्हती, हे मावशींचे उत्तर वाचून लक्षात आले. शाळेला आजच ईमेल करून ती दुरुस्त करता येईल का ते विचारले आहे. ‘येथे अडलो’ ही युक्ती मुलाला फारच पटली आहे, आणि तो आता सगळीकडेच तसे लिहील अशी भीती वाटते. उद्या रात्री उणे २२ फॅरनहाइटचा अंदाज आहे. टॅब चार्जिंगला लावला आहे. वही दप्तरात आहे की पुन्हा कप्प्यातच राहिली, ते पाहून येते.